सुरीचं घर

"हॅलो?… हॅलो, कोन?… रामा व्हय. बोल बाप्पा… मोठ्यानं बोल, हितं वारं लई हाय."

बायनाबाईनं फोन कान आणि खांद्याच्या बेचक्यात दाबला, कारण दोन्ही हात अडकलेले होते. मांडीखाली उताणी दाबलेली मेंढी, डाव्या मुठीत मेंढीचा मागचा पाय, उजव्या हातात सुरी. खूर साळायचं काम. खूर वाढून वाकडे झाले की मेंढरू लंगडतं, लंगडलं की मागं राहतं, आणि मागं राहिलेलं मेंढरू लांडग्याचं. सकाळपासून तेरा झाली होती, ही चौदावी. कंबर तेव्हाच गेली होती, पण कंबर गेली म्हणून काम थांबवायची सोय धनगराच्या बाईला कुणी करून ठेवलेली नाही.

उमापूरच्या शिवारात, कापूस उपटून मोकळ्या झालेल्या एका रानात त्यांचं पाल पडलं होतं. शेजारी जाळी उभारून मेंढरं कोंडलेली. नवरा, तात्याबा, जंताचं औषध आणायला सकाळीच बीडला गेला होता. आणि राम म्हणजे तात्याबाच्या थोरल्या भावाचा मुलगा. बीडला एका वकिलाकडं कागद टाइप करतो. घरात शिकलेला तेवढा एकच.

"तुझे तात्या? ते बाजाराला गेलेत की… कुठं?… ठान्यात?… पोलिसाच्या ठान्यात कावून?"

सुरी थांबली. मेंढीनं तेवढ्यात एक लाथ झाडली.

"थांब गं बये… तुला न्हाई रे, मेंढीला म्हनले. बोल… नाकाबंदी. हां, निवडनुकीची. मंग?… सगळ्यांच्या पिशव्या बघायलेत, बघू दे की, औषधाची बाटलीच निघंल… कमरंला? कमरंला काय असनार, सुरी असनार… शस्त्र? कसलं शस्त्र? कुनाचं?… रामा, नीट बोल. सुरीला शस्त्र कोन म्हनलं?"

राम बोलत राहिला आणि बायनाबाई ऐकत राहिली. सुरीची धार तिनं न बघता पदराला पुसली.

"तुला कसं कळलं?… खिशातल्या चिठ्ठीवर नंबर. हां, मीच लिवून घेतलता कुनाकडनं तरी. आता तू कुठं हाईस?… ठान्याच्या दारात. बरं झालं बाबा. त्यांनी काय खाल्लं का?… मारलं बिरलं न्हाई ना?… खरं सांग… नुसतं बसवलंय. खाली का बाकड्यावर?… खाली. बरं."

खाली बसायची तात्याबाला सवय होती. साठ वर्षांत कुणी त्याला खुर्ची दिली असेल तर ती फोटो काढताना. त्यामुळं त्याचं त्याला काही वाटलं नसणार. वाटलं ते बायनाबाईला.

"काय इचारायलास?… लांबी? कशाची?… आता मला काय म्हाईत किती इंच. तुझे वकीलसायब काय म्हनत्यात?… नऊ इंचाच्या आत पातं असलं तर शस्त्र धरता येत न्हाई. मंग झालं की! कुठली नऊ इंच… ठान्यात काय लिवलंय?… अकरा?"

ती हसली. हसू कोरडं होतं, घशातून आल्यासारखं.

"अरे अकरा इंचाची सुरी घेऊन मेंढराचा खूर साळायला बसलं तर पायच हातात येईल. थांब. माझी हाय की हितं. जोड हाय ती… जोड म्हंजे दोन्ही एकाच लोखंडाच्या. ट्रकच्या पाट्याचा एक तुकडा, त्यातनं लोहारानं दोन काढल्या. एक ह्यांची, एक माझी. पात्यात तांदळाएवढा फरक नसंल… थांब, मोजते. पट्टी कुठली आनू पालात? काडीपेटी हाय. काडीपेटी किती इंच असती?… दोन धर. थांब."

मेंढीला तिनं मांडीखालून सोडलं. तीन खूर साळलेली आणि चौथा राहिलेली ती मेंढी थोडी दूर जाऊन अविश्वासानं उभी राहिली. बायनाबाईनं सुरी दगडावर आडवी ठेवली आणि काडीपेटी पात्याशेजारी सरकवत नेली.

"एक… दोन… आन् ही अर्धी. अडीच काड्यापेट्या. किती झालं?… पाच. मंग पाच लिव म्हनावं. अकरा कुठून आनले?… न्हाई रे, ह्यांची लांब कशी असंल? जोड म्हनते ना. फरक मुठीत. त्यांच्या मुठीला बाभूळ, माझ्या मुठीला बोर. बाभूळ हाताला कडक लागती, बोर घामात घसरत न्हाई. आन् फरक घरात. ह्यांचं घर लांब, माझं आखूड… घर, घर! सुरीचं घर!… अरे कातड्याचं, ज्यात सुरी ठेवत्यात… म्यान तलवारीला असतंय बाप्पा. आमच्यात सुरीला घर म्हनत्यात. काम झालं की पुसायची अन् घरात लावायची. तू शाळंत गेलास, तुला म्यान आलं."

तिनं स्वतःचं घर हातात घेऊन उलटंपालटं केलं. उमापुरात चप्पल शिवणाऱ्या एका म्हाताऱ्यानं जुन्या मोटेच्या कातड्यातून ही दोन्ही बेतली होती. तिचं घर साधं, सुरीच्या मापाचं, तोंडाला तेलाच्या हातानं काळं पडलेलं. तात्याबाचं मात्र पात्याच्या पुढं चांगलं चार बोटं लांब आणि मागच्या अंगाला दुहेरी शिवलेलं.

"कळलं मला. घरासकट मोजली आसंल. मुठीसकट, घरासकट. मानसाची उंची धरायची तर पागोट्याच्या शेंड्यापासनं धरायची, तसं झालं… मंग सांग की जाऊन! भ्यायलास व्हय?… हां, आधी दुसऱ्याचं काम घेतलं. कुनाचं?… भागवत. कोन भागवत?… आप्पारावचा पुतन्या? त्यो कशाला आला ठान्यात?"

आप्पाराव म्हणजे नदीकाठची दोनशे एकर, दोन ट्रॅक्टर, आणि प्रत्येक निवडणुकीत दोन्ही पक्षांकडून गळ्यात हार. त्याच्या रानात मेंढरं बसवायची तर बायनाबाईला आधी त्याच्या गड्याला रामराम घालावा लागायचा आणि मग गड्याच्या कुत्र्याला.

"त्याच्या बी गाडीत सुरी सापडली? त्याच नाक्यावर?… मंग?… टेबलावर दोन्ही शेजारी ठेवल्या हुत्या. बरं. त्याची कशी हाय, सांग बरं मला… काळी. पातं बी काळं? लोखंडाला काळं कशाला फासायचं, धार दिसायची कशी?… पाठीकडनं करवतीसारखे दात. दात कशाला? भागवत काय झाडं तोडतो का?… आन् घर?… पलास्टिकचं. आत सुरी घातली की टक् करून बसती. उलटी धरली तरी पडत न्हाई. बरं… पट्ट्याला अडकवायची सोय. चांगली हाय की… न्हाई, खरंच म्हनते, घर चांगलं हाय. पावसात कुजायचं न्हाई. आमचं कातडं पावसात फुगतंय आन् सुरीला गंज धरतोय… पातं किती?… सात. म्हंजे ह्यांच्यापेक्षा दोन जास्त."

ती थांबली. पुढचं वाक्य तिला आधीच कळलं होतं, पण रामकडून ऐकायचं होतं.

"सोडला?… कधी?… आत्ताच, चहा पिऊन. काय लिवलं त्याच्या कागदावर?… 'वाढदिवसाची भेटवस्तू.'… हां… हां. बिल दाखवलं मोबाईलवर. आमच्या लोहारानं बिल दिलं न्हाई बाबा, आन् त्याला मरून सहा वरसं झाली, आता मागायला कुठं जाऊ?… न्हाई, मी वरडत न्हाई. मी दमलेय रामा. वरडायला दम लागतो."

तिनं खाली बसून पाठ पालाच्या खुंट्याला टेकवली. वीस वर्षं ही माणसं बिऱ्हाड गाढवावर लादून नगर, बीड, परळीपर्यंत हिंडली. कुठल्या नाक्यावर कधी कुणी कमरेची सुरी बघून थांबवलं नव्हतं. उलट थांबवणारेच विचारायचे, बोकड हाय का विकायला. आता निवडणूक आली आणि प्रत्येक ठाण्याला कारवायांचा आकडा भरायचा होता. आकड्यात भागवत बसत नाही. तात्याबा कुठंही बसतो. जमिनीवर सुद्धा.

"अजून काय?… कसला कागद?… पंचनामा. वाच मंग. हळू वाच… 'सदर इसमाकडे'… कोन सदर?… हां, हे… 'विचारपूस केली असता'… पुढं… काय? परत वाच… 'दुसरे हत्यार राहत्या घरी लपवून ठेवल्याचे कबूल केले.'… कबूल केलं? ह्यांनी?… कुठल्या राहत्या घरी रे? पालाला घर म्हनत्यात का आता?… अंगठा झाला?… वाचून दाखवलं का आधी?… तसाच घेतला."

वारं पडलं तसं रामचं बोलणं स्पष्ट ऐकू यायला लागलं, आणि त्यानं काही बरं वाटलं नाही.

"हितं येनार? झडती घ्यायला?… किती वेळात?… जीप दारात लावली. बरं… मंग मी काय करू?… काय करू म्हनलास?… इहिरीत."

विहीर समोरच होती, रानाच्या कोपऱ्यात, तीस पावलांवर. बायनाबाई उठली. एका हातात फोन, एका हातात सुरी. चालायला लागली. राम कानात घाई करत होता आणि त्याचं चुकत नव्हतं. पालात सुरी सापडली तर कागद खरा ठरणार आणि म्हातारा दोन हत्यारांचा धनी होणार. सुरी विहिरीत गेली तर सापडणार काहीच नाही.

"हो, हो… चाललेय. ऐकायलेय मी… हां, गाळात बुडंल, कळलं… आन् सापडलं न्हाई तर सोडत्यात का त्यांना?… म्हनजे तुला बी म्हाईत न्हाई. 'पुरावा नष्ट केला' म्हनतील… मंग कशाला टाकू?… अरे टाकते, टाकते, जरा दम खाऊ दे."

दहा पावलांवर ती थांबली. ह्या सुरीनं तिनं किती नाळा कापल्या, किती खूर साळले, मोजलं नव्हतं. दुःख त्याचं नव्हतं. राग होता तो वेगळाच. आपलीच वस्तू चोरासारखी पाण्यात टाकायची, आणि ती सुद्धा नवऱ्यानं कबूल केली म्हणून. तात्याबा बोलणारा माणूसच नव्हता. दिवसाला वीस शब्द, त्यातले दहा मेंढरांना. तो कबूल काय करणार?

"रामा… ऐक. नीट ऐक. हवालदारानं इचारलं काय आन् हे बोलले काय? कागदावरचं न्हाई, तोंडचं… तू नव्हतास. मंग त्यांना इचार. खिडकीतनं आरड… इचार की बाबा, तुला कोन खातंय!… हां. थांबते."

फोनमध्ये कुठंतरी दार वाजलं, कुणीतरी कुणावर खेकसलं.

"हां, बोल… हवालदारानं इचारलं, 'अजून दुसरं काही आहे का?'… बरं. आन् हे म्हनले… काय म्हनले?… 'दुसरं घरातच हाय की.'… घरातच हाय…"

बायनाबाई तिथंच, मोकळ्या रानात, मटकन खाली बसली.

"अगं आई… अरे रामा! घर! सुरीचं घर रे! मघाशी काय सांगितलं तुला? त्यांच्या घराला मागनं दुसरा खप्पा शिवलाय. त्यात दाभन असतोय… दाभन, मोठी सुई! मेंढराच्या खुरात बाभळीचा काटा मोडला की त्यानं काढायचा. म्हनून त्यांचं घर लांब, दाभन मावायला. ते म्हनले दुसरं घरात हाय, आन् पोलिसांनी लिवलं राहत्या घरी!… हसू नको. हसायचं असंल तर बाहेर आल्यावर हस… ती सुरी टेबलावरच हाय ना? घरासकट?… मंग जा आन् सांग… त्यो ऐकत न्हाई? फोन दे त्याच्या हातात… दे म्हनते!… मी बोलते. तू नुसता दे."

तिकडं फोन हातातून हातात गेला. मग एक जाड आवाज आला असावा, कारण बायनाबाईनं सवयीनं पदर सावरला आणि सावरल्याचा तिला स्वतःचाच राग आला.

"रामराम भाऊ. मी बायनाबाई, तात्याबाची मालकीन… हो, झडतीला या की, चहा करते. पर त्याच्या आधी एक काम करा. टेबलावर ते कातड्याचं घर हाय बघा… म्यान, म्यान. तुमचं म्यान. घ्या हातात. मागल्या अंगाला फिरवा. दुसरी शिवन दिसली?… तिच्या तोंडात बोट घाला. दोन बोटं. हळू घाला, आत टोक हाय… टोचलं?… सांगितलं की हळू म्हनून… ओढा बाहेर… हां. त्यो दाभन. आमच्यात म्यानाला घर म्हनत्यात भाऊ. मानसानं खरं सांगितलं, तुमी घराचा अर्थ तुमच्यासारखा लावला. तुमाला घर हाय, तुमाला तेच सुचनार."

मग आवाज चढला असणार, कारण तिनं फोन कानापासून थोडा लांब धरला.

"न्हाई, उलटं बोलत न्हाई… न्हाई भाऊ… बरं. बरं… मंग दुसरं हत्यार घावलं ना? लिवा, 'दाभन मिळून आला'. आन् जीप बंद करा, डिझेल जळायलंय… आता अजून एक. सुरी घरातनं बाहेर काढा आन् मोजा. मूठ धरू नका, मूठ कापत न्हाई. पातं मोजा… मी थांबते… किती?… परत सांगा, वारं हाय… पाच. हां… खोडता येत न्हाई? कावून?… सायबाची सही झाली. मंग खोडू नका, खाली लिवा. जागा असंल की खाली… 'प्रत्यक्षात पाते पाच इंच.' लिवलं?… रामा हाय ना तिथं, त्याला वाचू द्या."

ती बोलत होती आणि तिचा उजवा हात नकळत सुरीचं टोक मातीत खुपसत होता, काढत होता.

"काय इचारता?… उपयोग? कशाचा, सुरीचा?… लिवा मंग. खूर साळायला. नाळ कापायला. लोकर गुतली तर सोडवायला. दोरी तोडायला. भाकरीसंगं कांदा चिरायला. मेलेलं मेंढरू सोलायला… झालं का लिवून?… एका ओळीत मावत न्हाई? मंग दोन घ्या. भागवतरावच्या कागदाला अर्धीच ओळ लागली म्हनं. तिथली उरली आसंल, ती आमाला द्या."

आता मात्र ती मुद्दाम थांबली. शब्द तोंडातून गेला होता आणि परत घ्यायची तिची इच्छा नव्हती. म्हातारा अजून त्याच खोलीत जमिनीवर होता.

"…मी कुठली धमकी देती भाऊ. कागदाची ओळ मागितली. दोन सुऱ्या एकाच टेबलावर हुत्या, एवढंच म्हनले. हे मी तुमाला म्हनले, उद्या वकील कोर्टात म्हनंल… हां… हां… नोटीस देऊन सोडता? आज?… किती वाजता?… आन् सुरी?… जमा. कोर्टाची तारीख होईस्तोवर. म्हंजे किती दिवस?… तुमाला बी म्हाईत न्हाई. बरं. द्या त्यांच्याकडं फोन. एक मिनिट द्या, हात जोडते."

हात काही तिनं जोडले नाहीत. एकात फोन होता, दुसऱ्यात सुरी.

"…अहो. मी हाय… जेवलात का?… बरं, पानी तरी प्या. ऐका, रामा वाचून दाखवंल, मगच दुसरा अंगठा करा. पाच इंच लिवलंय का बघायला सांगा. आन् उपयोग… हो, कांदा बी लिवलाय… तुमचं काय चुकलं? घराला घरच म्हनत्यात… न्हाई, न्हाई, असं करू नका. बसू नका तिथं अडून. सुरी त्ये देनार न्हाईत… मला बी कळतंय तुमची हाय. वीस वरसाची हाय, म्हाईत हाय… मंग काय रिकामं घर मागितलं?… ते बी न्हाई म्हनले… राहू द्या. सुरीबिगर घर आनून काय करता."

बायनाबाईनं मेंढरांकडं पाहिलं, उन्हाकडं पाहिलं. ऊन अजून डोक्यावरच होतं. हा सगळा प्रकार व्हायला एक तास सुद्धा लागला नव्हता.

"…हॅलो? हाईत ना?… माझी हाय की. माझ्या सुरीनं साळू दोघं. तुमी मेंढरू धरा, मी साळते, मी दमले की तुमी. एका सुरीनं काय मरत न्हाई कुनी… हो, मूठ घसरत न्हाई हिची, तुमीच म्हनायचे… उठा आता. रामाला म्हनावं गेवराईपर्यंत एस्टीत बसवून दे, पुढनं या. चालत येऊ नका… आन् हे बघा, त्यो नाका परत लागंल. अडवलं, संगं काय हाय म्हनले, तर बिचकू नका. काईच न्हाई म्हना… अहो खोटं कशाला व्हईल? खरंच काई न्हाई आता तुमच्याकडं."

त्याच्या उत्तराची वाट न बघता तिनं फोन बंद केला.